शेजारच्या मणक्यावर आलेला भार
मानेच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याविषयी

मानेची शस्त्रक्रिया होऊन सहा-सात वर्षे उलटलेली असतात. हाताच्या मुंग्या थांबलेल्या असतात, रात्रीची झोप परत आलेली असते, दुकानाचा व्यवहार पूर्ववत सुरू असतो. आणि एके दिवशी फळीवरचा कापडाचा ताका खाली काढताना, किंवा दिवाळीपूर्वीचा हिशेब मिळवताना, तीच ओळखीची कळ पुन्हा खांद्यातून हातात उतरते. फरक एवढाच, की पूर्वी ती अंगठ्याकडे जात असे. आता मधल्या बोटाकडे जाते.

घरात पहिला प्रश्न उठतो तो असा : शस्त्रक्रिया फसली का? दुसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात असतो : पुन्हा सारे तेच? या दोन प्रश्नांची उत्तरे शांतपणे समजून घेतली, तर भीती पुष्कळ कमी होते आणि निर्णयही योग्य होतो. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते. त्यांचा सांधा वेगळ्या घडणीचा असून डावी-उजवीकडे मान वळविण्याची जवळपास निम्मी क्रिया तेथेच घडते. त्याखालील प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, जिला आपण डिस्क म्हणतो. बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर, अशी तिची घडण. वय वाढते तसे गरातील पाणी कमी होते, चकती बसते, कधी तिचा भाग मागे सरकतो आणि हाताकडे जाणाऱ्या नसेला दाबतो. ही झीज सर्वांत अधिक होते ती पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधल्या चकत्यांत. पहिल्या ठिकाणी नस दबली तर वेदना प्रायः अंगठ्याकडे जाते, दुसऱ्या ठिकाणी दबली तर मधल्या बोटाकडे. बोट बदलले, याचा अर्थ बहुधा जागा बदलली. जुने दुखणे परतले नसून शेजारी नवे उभे राहिले, असा हा संकेत असू शकतो.

गळ्याच्या समोरून जाऊन बिघडलेली चकती काढणे, त्या पोकळीत हाडाचा तुकडा बसविणे आणि दोन मणके एकमेकांशी जोडणे, ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी, तसेच क्लोवर्ड यांनी तिच्या पद्धती मांडल्या. आज हाडाच्या तुकड्याऐवजी अनेकदा छोटा पिंजरा बसवितात आणि वरून टायटॅनियमची पट्टी स्क्रूने घट्ट करतात. काही महिन्यांत दोन्ही मणक्यांचे हाड एकजीव होते. नसेवरील दाब दूर होतो, म्हणून हाताची वेदना बहुतेकांची लवकर थांबते.

शेजाऱ्याला त्रास का होतो?

दोन मणके जोडले, की त्यांच्यामधील हालचाल संपते. मान मात्र पूर्वीइतकीच वर-खाली होत राहते. ती हालचाल कोणाला तरी करावी लागते, आणि तिचा वाटा वरच्या व खालच्या शेजारच्या चकतीवर येतो. संयुक्त पेढीतील एक भाऊ अंथरुणाला खिळला, तर त्याचे काम इतरांवर पडते, तसेच हे. शेजारच्या पातळीवर नवी झीज होऊन ती त्रास देऊ लागली, की डॉक्टर तिला ‘अ‍ॅडजेसंट सेगमेंट डिसीज’ म्हणतात.

परंतु सगळा दोष जोडणीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. हिलिब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही आधाराला घेतला जातो. त्यांनी ३७४ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. शेजारच्या पातळीवर नवा, त्रासदायक विकार होण्याचे प्रमाण दरसाल शेकडा २.९ आढळले, आणि दहा वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना असा विकार होईल, असा त्यांचा हिशेब निघाला. याची दुसरी बाजूही पाहावी : याच हिशेबाने सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना दहा वर्षे हा त्रास होत नाही.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. अधिक मणके जोडलेल्यांना नवा विकार अधिक व्हावा, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात एकच पातळी जोडलेल्यांपेक्षा त्यांना तो कमी झाला. याचा एक अर्थ असा, की सर्वाधिक झिजणाऱ्या दोन्ही चकत्या त्यांच्या जोडणीत आधीच समाविष्ट झालेल्या होत्या. म्हणजे वाढीव भार हे एक कारण, तर वयोमानाने आणि प्रकृतिधर्माने होणारी झीज हे दुसरे कारण. किती वाटा कोणाचा, याविषयी तज्ज्ञांमध्ये अद्याप एकमत नाही. म्हणून ‘डॉक्टरांनी बिघडविले’ किंवा ‘आम्ही काळजी घेतली नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नये.

चित्र म्हणजे रोग नव्हे

एमआरआयचा अहवाल हाती आला, की त्यातील प्रत्येक ओळ घरभर वाचली जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९० साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेचा कोणताही त्रास नसलेल्या ६३ स्वयंसेवकांचे एमआरआय तपासले. चाळिशी उलटलेल्या या निरोगी माणसांपैकी शेकडा २८ जणांच्या चित्रात ठळक दोष दिसला. चकती झिजलेली किंवा बसलेली असणे, हे तर जवळपास शेकडा ६० जणांत आढळले. म्हणून शेजारची चकती ‘खराब’ दिसते एवढ्यावरून उपचार ठरत नाही. वेदनेचा मार्ग, हाताची शक्ती, तपासणीतील खुणा आणि चित्रातील जागा या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. रोकड आणि खातेवही जुळल्याशिवाय आपण दिवसाचा हिशेब बंद करीत नाही. हा नियम येथेही लागू आहे.

जुळत नसेल, तर अन्य कारणे शोधावीत. जुनी जोडणीच पूर्ण एकजीव झालेली नाही, असे कधी आढळते. खांद्याचा विकार, मनगटात दबलेली नस, मधुमेहामुळे नसांवर झालेला परिणाम, यांचीही लक्षणे मिळतीजुळती असतात. आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचे म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शुद्ध शाकाहारात हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दूध व दुधाच्या पदार्थांतूनच मिळते, आणि त्याची उणीव शाकाहारी कुटुंबांत सर्रास आढळते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि उणीव दीर्घकाळ राहिली तर मज्जारज्जूलाही इजा पोहोचते. एका साध्या रक्ततपासणीने ती कळते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे ना, हे अवश्य विचारावे.

केव्हा थांबू नये

हातातील वेदना त्रासदायक असली, तरी बहुधा वाट पाहण्यास अवधी असतो. काही लक्षणे मात्र अवधी देत नाहीत. सदऱ्याची बटणे लावता न येणे, अक्षर अचानक बिघडणे, नोटा मोजताना बोटे न चालणे, पाय जड होऊन चाल अडखळणे, लघवी-शौचावरील ताबा कमी होणे, हाताची शक्ती झपाट्याने घटणे, ही मज्जारज्जू दबत असल्याची चिन्हे असू शकतात. यांपैकी काहीही दिसले, तर ‘सीझन संपू द्या, मग पाहू’ असे म्हणू नये. मज्जारज्जूची हानी झाल्यावर ती पूर्णपणे भरून येईलच, असे नसते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर ताप, जखमेतून स्राव किंवा रात्रंदिवस न थांबणारी वेदना असेल, तरीही त्वरित डॉक्टरांकडे जावे.

उपचारांचे मार्ग

अशी चिन्हे नसतील, तर सुरुवात शस्त्रक्रियेविना करावी, हाच सर्वमान्य मार्ग आहे. काही आठवड्यांची औषधे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मान व खांद्याच्या स्नायूंचे व्यायाम, बसण्याच्या सवयीत बदल, आणि निवडक रुग्णांत नसेजवळ दिलेले इंजेक्शन. मानेतील नस दबलेल्या सर्वसामान्य रुग्णांविषयी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळातील ५६१ जणांचा अभ्यास झाला. सुमारे पाच वर्षांच्या सरासरी मागोव्यात त्यांच्यापैकी शेकडा ९० जणांना त्रास उरला नव्हता किंवा अगदी सौम्य होता. यांतील काहींची शस्त्रक्रिया झाली होती, बहुसंख्यांची नव्हती. तथापि जोडणीनंतरच्या विकाराबाबत इतकी आशा धरता येत नाही. हिलिब्रँड यांच्या रुग्णांत ज्यांना नवा विकार झाला, त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांना अखेरीस पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून संयम ठेवावा, पण त्याला मुदत असावी. आणि ती मुदत डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावी.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर पर्याय एकच नसतो. जोडणी शेजारच्या पातळीपर्यंत वाढविता येते. मानेच्या मागील बाजूने नसेचा मार्ग मोकळा करता येतो. तेथे नवी जोडणी टळू शकते. तिसरा पर्याय कृत्रिम चकतीचा. अमेरिकेत मानेच्या कृत्रिम चकतीला २००७ साली प्रथम शासकीय मान्यता मिळाली. तिच्यामुळे हालचाल टिकते, आणि शेजारी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी येते, असे काही चाचण्यांत दिसले आहे. परंतु हाडे ठिसूळ असतील, मागचे सांधे फार झिजले असतील किंवा मणके अस्थिर असतील, तर ती योग्य ठरत नाही. कृत्रिम चकती बसविली म्हणून धोका शून्य होतो, असेही नाही.

दुसऱ्यांदा समोरून जाताना जुन्या व्रणामुळे काम अधिक नाजूक होते. आवाजाची नस तेथूनच जाते. गिळताना काही काळ अडचण येऊ शकते. दुसऱ्या बाजूने चीर घ्यायची असेल, तर दोन्ही स्वरतंतू नीट हलतात का, हे आधी तपासून घ्यावे लागते. पहिल्या शस्त्रक्रियेची सर्व कागदपत्रे, बसविलेल्या पट्टीची नोंद आणि जुनी चित्रे घरात एका फाइलमध्ये असली, तर नव्या डॉक्टरांचे काम सोपे होते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अवमान नव्हे. विम्याची पॉलिसीही आताच काढून पाहावी : जुने दुखणे त्यात नोंदलेले आहे का, आणि त्याची प्रतीक्षा-मुदत संपली आहे का.

अहिंसेचा प्रश्न

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो संकोचाने गिळला जातो : शरीरात जे बसविणार, ते कशाचे आहे? हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. हाडाचा तुकडा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेता येतो. त्यात दुसऱ्या जिवाचा संबंध येत नाही, मात्र तेथे काही काळ दुखते. मृत्यूनंतर दान केलेले मानवी हाडही वापरतात. पिंजरा धातूचा किंवा विशेष प्लॅस्टिकचा असतो, आणि त्यात भरण्यासाठी कॅल्शियमयुक्त कृत्रिम पदार्थ उपलब्ध आहेत. याउलट हाडाला पूरक म्हणून वापरले जाणारे काही पदार्थ, तसेच रक्तस्राव थांबविणारे काही स्पंज, गाय किंवा डुकराच्या शरीरातून काढलेल्या कोलॅजेन वा जिलेटिनचे असतात. औषधांच्या कॅप्सूलचे कवचही बहुधा जिलेटिनचेच असते. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, तर पुष्कळदा पर्याय निघतो. टेबलावर घेतल्यानंतर निघत नाही. आणि जीव वाचविण्यासाठी पर्याय उरलाच नाही, तर काय करावे, याचा निर्णयही कुटुंबाने व रुग्णाने आधीच करून ठेवावा.

तप, क्रिया आणि दुकान

हाड जुळण्याच्या काळात शरीराला प्रथिने, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची गरज असते. त्या महिन्यांत पर्युषण आले, तर अठ्ठाईचा आग्रह धरू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास किंवा चौविहार यांची वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी. तत्त्वार्थसूत्रातही त्याग आणि तप शक्तीनुसार करावे, असेच सांगितलेले आहे. खाली वाकून मस्तक जमिनीला टेकविण्याची वंदना डॉक्टर परवानगी देईपर्यंत हात जोडूनच करावी. भाव त्याने उणा होत नाही. तंबाखू कोणत्याही रूपात नको. तिच्यामुळे हाड जुळण्यास अडथळा येतो.

दुकानात बदल फारसे मोठे नाहीत. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर धरावा. खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून बोलू नये. हिशेबाचा संगणक उंच ठेवावा, वही मांडीवर न घेता उतरत्या मेजावर घ्यावी. जड ताके आणि पोती वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणावीत. एका सामायिकाची ४८ मिनिटे आपल्याला अंगवळणी पडलेली आहेत. गादीवर बसल्यावर त्याहून अधिक वेळ न उठता बसू नये. शेजारची चकती या सवयींनी निश्चित वाचतेच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. वेदना मात्र त्यांनी सुसह्य होते, असा अनेकांचा अनुभव आहे.

शेवटी एक गोष्ट घरातील इतरांसाठी. दुसऱ्यांदा दुखणे आले, की दुकान सांभाळणारा माणूस ते लपवितो. खर्चाचा विचार असतो, मुलाच्या शिक्षणाचा असतो, ‘पुन्हा तेच’ म्हणण्याची लाजही असते. जेवताना तो डाव्या हाताने पेला उचलू लागला, बटण लावायला वेळ घेऊ लागला, तर त्याने सांगण्याची वाट पाहू नका. आपणच विचारा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.