टपावरची वीज

रुग्णवाहिकेचा कॅम्पर करायचा, तर पहिल्यांदा चढायचं टपावर. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी हे सगळं मागाहून होतं. लाल-निळ्या दिव्यांची पट्टी उतरवली की खाली दिसतात स्क्रूची भोकं, भोंग्याच्या वायरीचं छिद्र आणि एसीच्या डब्याखाली धरलेला गंज. सोलर पॅनेल बसणार ते इथेच. कोकणातल्या नाटे गावात ही भोकं नीट बुजवली नाहीत, तर मृगातच गादी भिजते.

गाडी बहुधा फोर्स ट्रॅव्हलर. पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९८७ साली ती आणली; २००५मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. उंच टपाच्या गाडीत उभं राहता येतं, मागची दारं सताड उघडतात, वायरिंगचा सांगाडा आयता मिळतो. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी एप्रिल २०२३पासून रद्द होते, त्यामुळे जुनी गाडी मिळते ती खासगी रुग्णालयांकडची.

नाटे म्हणजे राजापूर तालुक्यातलं, जैतापूर खाडीकाठचं मासेमारीचं गाव, डोक्यावर यशवंतगड. शेजारी माडबनला ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प व्हायचा आहे, आणि त्यावरून या पंचक्रोशीने पुष्कळ सोसलंही आहे. तिथे टपावरच्या चारशे वॉटचं कौतुक ते काय! पण छोटा फ्रिज, पंखा, दिवे आणि फोन यांना दिवसाला एखादं युनिट लागतं, आणि डिसेंबरच्या उन्हात चारशे वॉट तेवढं देतात.

इथली थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घेण्यापुरती. खरी थंडी गाडी अणुस्कुरा घाट चढून, देश ओलांडून हिमाचलात पोचली की भेटते. मग पॅनेल कुठे बसवावं? माझं उत्तर ठाम आहे: इथेच, निघण्याआधी.

कारण आहे गोंदात. टपावर ब्रॅकेट चिकटवायला आणि भोकं बुजवायला जो पॉलियुरेथेन सीलंट वापरतात, तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. कोकणात ओलाव्याला तोटा नाही. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर आतपर्यंत पक्का होतो. हिमाचलातल्या स्पीतीच्या कोरड्या गारठ्यात तोच दिवसेंदिवस लिबलिबीत राहतो, आणि पाच अंशांच्या खाली तर तो लावूच नये. नुसतं इपॉक्सी चोपडणंही बरं नव्हे. ते दगडासारखं होतं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्याला भेगा जातात.

इथे मात्र मिठाशी गाठ आहे. खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर पत्र्यावर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. टप आधी गोड्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा, मग स्पिरिटने पुसायचा. सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून दहा वाजल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातूंचं जुळत नाही आणि ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. पॅनेल आणि टप यांच्यात दोन-तीन बोटांची फट ठेवायची, वारा खेळायला. उन्हात पॅनेल साठ अंशांवर गेलं की दहा टक्क्यांहून जास्त वीज तिथेच जाते.

गारठा पॅनेलला मानवतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. थंड पॅनेल जास्त वीज देतं, पण त्याचा विद्युतदाबही चढतो, आणि तिथेच घात होतो. भार नसताना चोवीस व्होल्ट दाखवणारी दोन पॅनेलं ओळीने जोडली की अठ्ठेचाळीस. पन्नास व्होल्टपर्यंतचा स्वस्तातला चार्ज कंट्रोलर नाटे गावात सुखाने चालतो. उणे दहा अंशांच्या सकाळी ऊन पडताच तोच आकडा त्रेपन्नच्या आसपास जातो आणि कंट्रोलर जळतो. शंभर व्होल्टचा घ्या, नाहीतर पॅनेलं समांतर जोडा.

बॅटरीचं गणित उलटं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा मुलामा चढतो आणि ती कायमची अधू होते. तिची जागा गाडीच्या आत, पलंगाखाली. शून्याखाली चार्जिंग तोडणारा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, हवाच. सूर्यही तिकडे कलतो. डिसेंबरात भर दुपारी तो इथे क्षितिजापासून पन्नास अंशांवर असतो, स्पीतीतल्या काझाला जेमतेम चौतीसवर. टपावर आडवं पडलेलं पॅनेल तिथे सरळ उन्हाच्या निम्म्याहून थोडंच जास्त टिपतं. एका कडेला उचलता येणाऱ्या बिजागऱ्या लावल्या तर पैसे वसूल होतात.

हे चाळे वाटत असतील, तर आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले चेतन सिंह सोळंकी यांची बस पाहावी. नोव्हेंबर २०२०मध्ये ते भोपाळहून निघाले, २०३०पर्यंत बसमध्येच राहण्याचा निश्चय करून. तिच्यावर ३.२ किलोवॉटची पॅनेलं आणि पोटात सहा युनिटांची बॅटरी. रुग्णवाहिकेच्या टपावर एवढं मावत नाही, पण जोडणीचं तत्त्व तेच.

शेवटचं काम कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल चालत नाहीत. आरसीवर ‘रुग्णवाहिका’ लिहिलेलं असेल तर पॅनेलं घेण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओ कार्यालयात जाऊन ती नोंद कशी बदलेल ते विचारून या.