कळ दाबल्यावर

लिनक्सचा टर्मिनल उघडा, 'कॅट' एवढेच लिहून एंटर दाबा आणि मग वरच्या बाणाची कळ दाबून पाहा. बाण उमटत नाही. एक टोपीचे चिन्ह, दोन चौकटी कंस आणि इंग्रजी 'ए' असे काहीतरी दिसते. टोपी आणि पहिला कंस मिळून झाला एस्केप, म्हणजे 27. दुसरा कंस 91 आणि 'ए' 65. कळ दाबली एकच, पण सी प्रोग्रॅमच्या दारात तीन बाइट येऊन उभे राहिले. ते ओळखायचे कसे, हे समजण्यासाठी टर्मिनल नावाच्या यंत्राची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

वृत्तपत्राच्या कचेरीत ज्यांनी टेलिप्रिंटरचा खडखडाट ऐकला असेल, त्यांना हे यंत्र अर्धे ओळखीचेच आहे. 1963 साली आस्की ही संकेतपद्धती जाहीर झाली आणि त्याच वर्षी टेलिटाइप कंपनीचे मॉडेल 33 आले. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग. त्याच्या कंट्रोल कळेचे काम साधे होते: सोबत दाबलेल्या अक्षराच्या संकेतातून 64 वजा करायचे. 'सी' म्हणजे 67, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे 3. 'जी' 71, म्हणून कंट्रोल-जी 7, आणि तो आला की यंत्रातली खरीखुरी घंटा वाजायची. डिलीटचा संकेत 127 आहे, कारण कागदी पट्टीवर चुकलेले अक्षर खोडायचे तर सातही जागी भोके पाडत. कंट्रोल-एसने पट्टी वाचणे थांबे, कंट्रोल-क्यूने पुन्हा सुरू होई. आजही फाइल जतन करायच्या सवयीने कोणी टर्मिनलवर कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठला म्हणून घाबरतो. त्याला फक्त कंट्रोल-क्यू सांगावे लागते.

टेलिटाइपचे नाव युनिक्समध्ये 'टीटीवाय' म्हणून कायमचे राहिले. कळफलक आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये कर्नेलचा एक थर बसलेला असतो, त्याचे हे नाव. तो ओळ साठवतो, बॅकस्पेसने खोडू देतो आणि एंटर दाबल्यावरच ओळ पुढे सोडतो. कंट्रोल-सी तर तो प्रोग्रॅमपर्यंत जाऊच देत नाही. बाइट स्वतःकडे ठेवून पुढ्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमला 2 क्रमांकाचा सिग्नल पाठवतो.

आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुले वर्षानुवर्षे टर्बो सी वर शिकली. तिथे 'गेटसीएच' लिहिले की दाबलेली कळ तत्काळ हातात पडायची. वरचा बाण दाबला तर आधी 0 आणि पुढच्या खेपेला 72. ही मुले लिनक्सवर आली की पहिल्याच दिवशी अडतात. 'कोनिओ' नावाची हेडर फाइल तिथे नाही आणि 'गेटकॅर' एंटरची वाट पाहत बसते. दोष त्यांचा नाही. मधल्या थराची ओळखच कोणी करून दिलेली नसते.

त्या थराशी बोलायची सोय 'टर्मिओस' मध्ये आहे. 'टीसीगेटअॅटर'ने चालू मांडणी वाचून तिची प्रत बाजूला ठेवायची, दुसऱ्या प्रतीत हवे ते बदल करायचे आणि 'टीसीसेटअॅटर'ने ती लावायची. 'आयकॅनॉन' बंद केले की ओळीची वाट पाहणे संपते. 'एको' बंद केले की अक्षरे आपोआप उमटत नाहीत. 'आयसिग' बंद केले की कंट्रोल-सी सिग्नल न होता 3 हा साधा बाइट म्हणून हाती येतो. सिग्नल म्हणूनच हवा असेल, तर तो झेलणाऱ्या फंक्शनमध्ये 'प्रिंटएफ' लिहू नये. मुख्य प्रोग्रॅम स्वतःच छापण्याच्या मध्यावर असेल तर तो तिथेच अडकून पडू शकतो. तिथे एक खूण करावी, बाकीचे काम मुख्य लूपमध्ये.

आता बाणाकडे वळू. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे संकेत वेगळे असत. 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी 100 आणला, 80 रकाने आणि 24 ओळींचा, आणि तयार होत असलेल्या अॅन्सी मानकाचे संकेत त्याने उचलले. पडद्याकडे एस्केप, कंस, 'ए' पाठवले की कर्सर एक ओळ वर जातो, आणि वरचा बाण दाबला की कळफलकाकडून तेच तीन बाइट येतात. आज्ञा आणि बातमी एकाच शब्दात! मला या यंत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका वेगळ्या अवस्थेत मात्र कंसाऐवजी 'ओ' येतो, म्हणून चांगला प्रोग्रॅम दोन्ही रूपे ओळखतो.

खरी अडचण एस्केपची आहे. 27 आला, पण माणसाने एस्केप दाबले की बाणाची ही सुरुवात आहे? बाइटवर तसे काही लिहिलेले नसते. उपाय एकच, थोडे थांबणे. 'व्हीमिन' 0 आणि 'व्हीटाइम' 1 ठेवले, तर 'रीड' सेकंदाचा दहावा भाग वाट पाहते. तेवढ्यात काही आले नाही तर ते नुसते एस्केप. 'एनकर्सेस' हे ग्रंथालय मुळात 1000 मिलिसेकंद थांबते. संथ तारांच्या काळात ते योग्य होते, आज बोटांना ते जाणवते.

आणि आपले 'क'? यूटीएफ-8 मध्ये तेही तीन बाइट आहे: 224, 164, 149. 'कि' सहा बाइटचे. बॅकस्पेसला एकच बाइट खोडणारा प्रोग्रॅम मराठी अक्षर मोडून ठेवतो. लिनक्समध्ये 'आययूटीएफ8' खूण चालू असेल तर कर्नेल आधी वेलांटी काढतो, मग 'क'. पण ओळीची वाट पाहणे बंद केलेत, की ही जबाबदारी तुमची. प्रोग्रॅम तपासताना आपले नाव मराठीत टाइप करून खोडून पाहायला विसरू नका.

शेवटी एक विनंती. बाजूला ठेवलेली ती पहिली प्रत बाहेर पडताना परत लावा. 'अॅटएक्झिट'ने ती सोय करा, आणि सिग्नलने प्रोग्रॅम मरण्याची वाटही तपासा, कारण तिथे 'अॅटएक्झिट' धावत नाही. नाहीतर पुढच्या माणसाला टाइप केलेले काहीच दिसणार नाही, आणि न दिसताच 'एसटीटीवाय सेन' लिहून एंटर दाबायचे असते, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.