रोज दोन गिळते की!

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, बाजाराचा दिवस, संध्याकाळचे सहा. मेडिकलच्या काउंटरवर सात-आठ हात एकदमच पुढे आलेत. कुणाच्या हातात चिठ्ठी, कुणाच्या रिकामी पट्टी, बहुतेकांच्या नुसतीच नोट. मी आत खोक्यांच्या अडचणीत स्टुलावर बसलेय.

"सर्दीच्या दोन द्या." "अंगदुखीच्या चार." "भाऊ नाहीत का?"

भाऊ म्हणजे काउंटरवर उभ्या असलेल्या ताईंचे यजमान. ते माल आणायला जिल्ह्याला गेलेत. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं फार्मासिस्टचं नोंदणीपत्र ताईंचं आहे, भाऊ बी.कॉम. पण गावाच्या लेखी मेडिकलवाला तोच. धोतरातले एक आजोबा 'भाऊ आल्यावर येतो' म्हणत निघूनही जातात. त्यांचं दुखणं बाईमाणसाला सांगण्यासारखं नसणार. एवढ्या गर्दीत ते भाऊंना तरी कसं सांगतील, कोण जाणे. इथे आडोसा म्हणून काही नाहीच. काउंटर फूटभर रुंद, त्यापलीकडे थेट रस्ता. एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं.

ताई कात्रीने पट्टी कापतात. बॅच नंबर आणि मुदत छापलेली बाजू जपून मागे ठेवतात, तिकडच्या गोळ्या सगळ्यात शेवटी जाणार. म्हणजे दोन गोळ्या घरी नेणाऱ्याच्या तुकड्यावर मुदत नाही, धड नावही नाही. पण अख्खी पट्टी घ्या म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

तेवढ्यात एक म्हातारी नातवाचा हात धरून पुढे सरकते. पिशवीतून प्लास्टिकची डबी काढते. "दम्याच्या गोळ्या संपल्या बघ. काही गुण न्हाई यायला."

डबी ओढायच्या कॅप्सूलची आहे. ताईंचा हात थांबतो.

"आजी, घेता कशा या?"

"कशा म्हंजे? पाण्याबरूबर. रोज दोन गिळते की!"

"आणि ते यंत्र दिलं होतं ना, बोटाएवढं?"

"ते प्वारं खेळत्यात."

मागून कुणीतरी हसतं. ताई हसत नाहीत. कपाटातून नवं यंत्र काढतात, कॅप्सूल त्याच्या भोकात बसवतात, खालचा भाग फिरवतात. आत कॅप्सूलचे दोन भाग होतात आणि पांढरी भुकटी सुटते. "ही छातीत गेली पाहिजे, पोटात नाही. आधी श्वास सोडायचा. मग हे ओठांत धरून तोंडाने जोरात ओढायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत दम धरायचा. मग चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं." आजी यंत्रात फुंकर मारते. भुकटी काउंटरवर. पुन्हा एक कॅप्सूल. या खेपेला ताई नातवाला पुढे घेतात आणि त्याच्याकडून एकेक पायरी वदवून घेतात. पोरगं चौथी-पाचवीतलं असेल, पण आजीपेक्षा आधी त्याच्या ध्यानात येतं.

एवढ्यात तिघेजण कंटाळून समोरच्या दुकानात गेलेत. गल्ल्यावर बसलेले सासरे पुटपुटतात, "मेडिकल चालवतोय का शाळा?"

त्यांचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. 'फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स' 2015 साली आली. औषध देताना रुग्णाला नीट समजावून सांगणं हे त्यात फार्मासिस्टचं काम मानलंय. पण त्या कामाची ओळ बिलात कुठेच नाही. 2013 च्या दरनियंत्रण आदेशाप्रमाणे यादीतल्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के सुटतात, आणि तेही डबी विकली तर. वाया गेलेली ती कॅप्सूल ताईंच्याच खिशातून गेली.

पुढची चिठ्ठी एका ऊसतोड्याची. गुडघेदुखी. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या लिहिल्यात, पण ताई पट्ट्या उलटून दाखवतात: दोन्हींत तेच दुखणं मारायचं औषध. "बीपीची गोळी चालू आहे का?" तो मान हलवतो. ताई दवाखान्यात फोन लावतात. पलीकडे कंपाउंडर. त्याचा आवाज मला स्टुलावर ऐकू येतो: "सर पेशंट बघतायत. लिहिलंय ते द्या."

चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलायची कायद्याने मुभा नाही. ताई एकच गोळी देतात, दुसरी देत नाहीत. "डॉक्टरांना विचारून मग न्या." तो संशयाने बघतो. माल संपलाय आणि बाई सांगत नाही, असं त्याला वाटत असणार.

मग एक तरुण येतो. चिठ्ठी नाही, मोबाईलवर सेफिक्झिमच्या पट्टीचा फोटो. पोरीला ताप आहे. हे औषध एच-वन यादीतलं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं की वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, किती दिलं ते लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. ताई नाही म्हणतात, पोरीला आजच दाखवा म्हणतात. "डॉक्टर दोनशे घेतात, गोळ्या शंभरात येतात," तो म्हणतो आणि रस्ता ओलांडतो. समोरून पिशवी घेऊन परततो, तेव्हा ताईंकडे बघून हात वर करतो. मिळाल्या!

"वही त्यांच्याकडेही आहे," ताई मला म्हणतात, "कोरी."

काउंटरवर पुढचा माणूस आलाच आहे. "ताई, शुगरची ती पिवळी द्या."

"नाव?"

"पिवळी म्हटलं ना."

रंग कंपनीगणिक बदलतो. ताई तीन पिवळ्या पट्ट्या समोर ठेवतात. तो तिन्हींवर बोट फिरवतो आणि म्हणतो, "यातली जी स्वस्त असंल ती."