'फेअर' या शब्दाचे अर्थ व त्याचे अध्यापन

मराठी शाळेत इंग्रजीचा पाठ सुरू होण्यापूर्वीच 'फेअर' हा शब्द मुलांच्या कानांवरून गेलेला असतो. "आधी कच्च्या वहीत सोडव, मग फेअर वहीत उतरव," असे आपणच त्यांना नित्य सांगतो. गावातील धान्याच्या दुकानावर 'रास्त भाव दुकान' अशी पाटी असते. तिचे इंग्रजी नाव 'फेअर प्राइस शॉप' असे आहे. असे असूनही पाठ्यपुस्तकात हा शब्द आला की आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो : फेअर म्हणजे गोरा. वहीशी आणि दुकानाशी गोरेपणाचा संबंध काय, असे मूल सहसा विचारीत नाही. फळ्यावर लिहिलेला अर्थ हाच अखेरचा, अशी त्याची श्रद्धा असते.

या श्रद्धेचा परिणाम एका शाळेच्या भेटीत माझ्या पाहण्यात आला. सातवीच्या वर्गात विशेषणे योजून स्वतःविषयी पाच वाक्ये लिहावयास सांगितली होती. एका मुलीने लिहिले होते, 'आय ॲम नॉट फेअर.' शिक्षकांनी वाक्यापुढे बरोबरची खूण केली होती, आणि व्याकरणात खरोखरच चूक नव्हती. परंतु ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा वाचकास हे वाक्य एकटे दिले, तर 'मी न्यायाने वागत नाही' असाच अर्थ त्यास प्रथम सुचेल. मुलीस म्हणावयाचे होते, मी गोरी नाही. इंग्रजी शिकता शिकता तिने आपल्या वर्णाविषयीची खंत लिहून ठेवली, आणि आम्ही तिला त्याबद्दल एक गुण दिला.

मूळ शब्दाकडे पाहिले तर असे दिसते की, प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'सुंदर, मनास आवडणारा' एवढाच होता. वर्णाचा त्यात उल्लेख नव्हता. सुंदर आकाश म्हणजे निरभ्र आकाश, यावरून 'फेअर वेदर' म्हणजे स्वच्छ हवा. ज्यावर डाग नाही, खाडाखोड नाही, ते लेखन 'फेअर कॉपी'. ज्या वागणुकीवर पक्षपाताचा डाग नाही, ती वागणूकही फेअर. निर्मळपणाचा हा धागा मनात धरला की बहुतेक अर्थ आपोआप जुळून येतात. उजळ केस व उजळ कांती हा अर्थ पुढे त्यास चिकटला, कारण इंग्रज समाजाची सौंदर्याची कल्पना तशी होती. शेक्सपिअरची सुनीते इ. स. १६०९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १२७ वे सुनीत याच गोष्टीवर बोट ठेवते. काळ्या वर्णास पूर्वी 'फेअर' म्हणत नसत, असे सांगून कवी तेथे काळ्या डोळ्यांच्या स्त्रीची बाजू घेतो. म्हणजे 'सुंदर' आणि 'गोरा' या दोन अर्थांची ओढाताण त्या भाषेतही चारशे वर्षांपूर्वीच लक्षात आलेली होती.

आपण 'हिमगौरी' या नावाने सांगतो ती गोष्टही येथे आठवते. ग्रिम बंधूंनी ती जर्मन भाषेत १८१२ मध्ये छापली. राणी आरशास विचारते त्या प्रश्नात मूळ जर्मन शब्द 'सर्वांत सुंदर' असा आहे. इंग्रजी भाषांतरात तेथे 'फेअरेस्ट' आले, आणि वर्गात मराठी करताना आपण 'सर्वांत गोरी कोण?' असे सांगू लागलो. वास्तविक मराठी मुलास सौंदर्य गोरेच असते असे शिकविण्याचे कारण नाही. ज्या विठोबाचे रूप पाहण्यासाठी त्याचे आजीआजोबा पंढरीची वाट चालतात, तो सावळाच आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ पासून आपल्या देशात विकले जात होते. २०२० मध्ये त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्यात आला. बाजाराने जो अर्थ पाटीवरून उतरविला, तो आपण फळ्यावर एकटाच ठेवावा काय, याचा विचार व्हावा.

अध्यापनाची एक सोपी युक्ती माझ्या अनुभवास आली आहे. नुसता शब्द न देता त्यास नामासह द्यावे आणि लगेच विरुद्धार्थी शब्द विचारावा. फेअर कॉपीच्या उलट रफ कॉपी. फेअर हेअरच्या उलट डार्क हेअर. खेळात फेअरच्या उलट फाउल, आणि हा शब्द कबड्डी खेळणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असतो. 'अनफेअर' हा शब्द मात्र आजच्या इंग्रजीत केवळ अन्यायाच्या अर्थी येतो. काळ्या केसांना किंवा ढगाळ हवेस कोणी अनफेअर म्हणत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मुलांना कळते की न्यायाचा अर्थ हाच आज या शब्दाचा मुख्य अर्थ आहे. मराठीत 'अनफेअर प्ले' म्हणजे काय, असे विचारल्यास वर्गातून उत्तर येते, "रडीचा डाव!" कोशातील कोणत्याही प्रतिशब्दापेक्षा हे उत्तर मला अधिक पसंत आहे.

समानार्थी शब्द देताना त्यांची रास घालू नये. 'जस्ट' हा कायद्याच्या व धर्माधर्माच्या प्रांतातला भारदस्त शब्द. कायदा जस्ट असतो. 'इम्पार्शल' म्हणजे नि:पक्षपाती. दोन पक्ष असले तरच त्याचे काम. आई दोन भावंडांत लाडू सारखे वाटते तेव्हा ती फेअर असते. किमतीस 'रीझनेबल' म्हटले तरी चालते. मराठीत वाजवी किंवा रास्त. 'रास्त' हा फारसीतून आलेला शब्द मूळ सरळ, खरे या अर्थाचा आहे, आणि 'फेअर'ला इतका जवळचा दुसरा मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही.

प्रगतिपत्रकातील 'फेअर' हा शेरा मात्र फसवा आहे. तेथे त्याचा अर्थ जेमतेम, 'गुड'च्या खालचा. जुन्या मराठीत 'बरवे' म्हणजे सुंदर, परंतु आज 'बरे आहे' म्हटले की कोणी आनंदून जात नाही, तसेच हे. पालकांनी स्तुती समजू नये म्हणून मराठीत एक ओळ लिहावी. उलट 'ए फेअर डिस्टन्स' म्हणजे बरेच अंतर. तेथे हाच शब्द पुरेसे, बऱ्यापैकी असे माप दाखवितो. जत्रा या अर्थाचे 'फेअर' हे नाम लॅटिनमधील सणाच्या दिवसांच्या नावावरून आले आहे, आणि एस. टी.चे भाडे म्हणजे 'फेअर' हा उच्चाराने सारखा पण निराळ्या स्पेलिंगचा शब्द. या दोहोंचा आपल्या विशेषणाशी संबंध नाही. श्रुतलेखनात तेवढी काळजी घ्यावी.

वर्णाविषयी लिहावयाचेच असल्यास 'फेअर-स्किन्ड' किंवा 'फेअर कॉम्प्लेक्शन' असे पूर्ण लिहावे. सावळ्यास 'डार्क' म्हणावे, 'नॉट फेअर' म्हणू नये. माझ्या मते प्राथमिक वर्गात स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वर्णावर वाक्य करावयास सांगूच नये. उंची, छंद, गाव, खेळ असे विषय पुष्कळ आहेत.

त्या शाळेत मी दुसऱ्या दिवशीही थांबलो होतो. आदल्या संध्याकाळी मुलींचा खो-खोचा सामना झाला होता. शिक्षकांनी त्यावर 'फेअर' शब्द घालून एक वाक्य लिहावयास सांगितले. त्या मुलीच्या वहीत होते, 'द अंपायर वॉज नॉट फेअर.' यावर वर्गात बराच वाद झाला, आणि तो इंग्रजीतच करण्याचा मुलींनी प्रयत्न केला.