अनुदान यंत्राला मिळतं, पार्सलला नाही

मागच्या व्याख्यानानंतर कोकणातल्या एक ताई थांबल्या होत्या. पोफळीचं पान गळतं, त्याच्या बुडाशी रुंद विरी असते. ती धुऊन, भिजवून गरम साच्यात दाबली की ताटली तयार होते. ताईंना हे युनिट टाकायचंय. त्यांचा प्रश्न होता, "सरकार पस्तीस टक्के देतंय. तेवढी किंमत मी ऑनलाइन कमी लावली तर चालेल ना?"

स्वतःचा हिस्सा भरायला त्या दागिने गहाण ठेवणार होत्या. म्हणून आज हाच हिशेब नीट मांडू.

ही योजना म्हणजे पीएमईजीपी, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. २००८ पासून चालू आहे, मुख्यतः नव्या उद्योगांसाठी. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा ५ टक्के. समजा प्रकल्प ४ लाखांचा. ताईंचे २० हजार, बँकेचं कर्ज ३ लाख ८० हजार आणि अनुदान १ लाख ४० हजार.

आता इथे लक्ष द्या. हे १ लाख ४० हजार ताईंच्या हातात येत नाहीत. ते बँकेत त्यांच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट खरंच चालू आहे का, हे प्रत्यक्ष येऊन पाहतात. मग ती रक्कम कर्जात वळती होते.

म्हणजे फायदा नक्की आहे, पण तो कर्जाच्या खात्यात आहे, गल्ल्यात नाही. विऱ्या गोळा करायची मजुरी, वीज, खोके हे सगळं रोजच्या विक्रीतूनच निघायला हवं. अनुदानाच्या भरवशावर किंमत पाडली, तर युनिट तीन वर्षं टिकणार कसं?

बरं, ऑनलाइन विक्रीत खरा खर्च कुठे आहे? कमिशन सगळ्यांना दिसतं. दिसत नाही ते पार्सलचं वजन. ताटली हलकी, पण जागा खाते. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३० बाय ३० बाय २५ चं खोकं घ्या. गुणाकार २२,५००, भागिले ५०००, म्हणजे साडेचार किलो. आत माल दोनच किलोचा असला तरी पैसे साडेचार किलोचे! दोन्हींत जे जास्त, ते लावतात.

म्हणून मी ताईंना सांगितलं, साचा विकत घेण्याआधी खोकं मोजा. एकात एक घट्ट बसणारी उथळ ताटली लांब पाठवायला परवडते. खोल वाटी जागा अडवते, ती जवळच्या केटररला, मंगल कार्यालयाला द्या. त्यासाठी व्हॉट्सअॅपवरचा फोटो आणि दरपत्रक पुरतं.

जीएसटीचंही थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारावर आपल्याच राज्यात माल विकता येतो. जीएसटी नोंदणी लागत नाही, पोर्टलवर नावनोंदणी मात्र करावी लागते. राज्याबाहेर विकायचं तर नोंदणी हवी. तेव्हा सुरुवात मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकापासून करा.

आणि जाहिरातीत काय लिहायचं? नुसतं 'इको-फ्रेंडली' नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. पर्यावरणाचा दावा केला तर त्याला पुरावा हवा. त्यापेक्षा जे खरं आहे तेच लिहा: 'गळालेल्या विरीपासून केलेली, कोटिंग नसलेली ताटली.' विरी धुतानाचा फोटो टाका. गिऱ्हाइकाला तेच पटतं.

ताईंना मी एकच गृहपाठ दिला. अनुदान शून्य धरून एका ताटलीचा हिशेब करा. मजुरी, वीज, खोकं, कुरिअर, कमिशन, परत येणारा माल आणि बँकेचा हप्ता, सगळं धरा. तरी चार पैसे सुटत असतील तर खुशाल अर्ज करा. सुटत नसतील, तर दागिने घरातच राहू द्या.

आणि हो, नियम बदलत असतात. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आजची स्थिती विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.