राजधानी की केवळ मुक्काम?

रोमहून परतलेल्या प्रवाशाला तेथे काय पाहिले असे विचारले, तर कलोसियमचे भग्नावशेष आणि व्हॅटिकनमधील सिस्टीन प्रार्थनागृहाच्या छतावरची मायकेलअँजेलोची चित्रे यांचा उल्लेख तो करतोच. परंतु तेवढ्यावर थांबत नाही. जुन्या गल्ल्यांतील भटकंती, एखाद्या लहानशा खाणावळीतले जेवण आणि त्रेवीचे कारंजे यांविषयी तो अधिक जिव्हाळ्याने बोलतो. स्मारके त्याला रोमला नेतात. ठेवून घेते ते शहर. छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पाहुण्याची कथा बहुधा याच्या उलट असते. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, वाटेत दौलताबाद, उरल्या वेळात बीबी का मकबरा, आणि मग परतीची गाडी. शहर त्याच्या वाट्याला येते ते झोपण्यापुरते.

वस्तुतः हे शहर वाढले ते राजधानी म्हणूनच. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावी निजामशाहीचे ठाणे वसवले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचीही राजधानी होते; हा मान १७६३ मध्ये गेला. नव्या नावाची अधिकृत मोहोर २०२३ मध्ये उमटली. जवळच यादवांची देवगिरी आणि सातवाहनांचे पैठण आहे. इतक्या थोड्या परिघात एवढ्या राजधान्या क्वचितच सापडतील.

मलिक अंबरचे नाव भडकल दरवाज्याशी जोडले जाते. परंतु त्याचे खरे कर्तृत्व जमिनीखाली आहे. डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारी नहरीत गोळा करून निव्वळ उताराच्या बळावर त्याने ते वस्तीपर्यंत आणले. त्यानंतर आणखीही नहरी झाल्या. त्यांतीलच एका नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की फिरत असे, आणि तिच्यावर फकिरांसाठी व विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई. रोमच्या त्रेवी कारंज्यामागेही अशीच कथा आहे. ख्रिस्तपूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने बांधलेल्या जलमार्गाची पुनःपुन्हा दुरुस्ती होत राहिली, आणि १७६२ मध्ये पूर्ण झालेले ते कारंजे त्याच जलमार्गाशी जोडलेले आहे. पाहुणे त्यात नाणी टाकतात आणि तो पैसा धर्मादाय कार्याला जातो. येथे मात्र नहरींवर घरांचे पाये चढले, मातीचे नळ फुटले. आणि ज्या शहराला एकेकाळी उतारानेच पाणी मिळत होते, ते आज जायकवाडीचे पाणी विजेच्या बळावर उपसून आणते.

याचा अर्थ युरोपचे आंधळे अनुकरण करावे असा मुळीच नव्हे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना पाचारण केले. निखळू लागलेला रंगाचा थर त्यांनी पक्का केला, हे त्यांचे ऋण आहेच. परंतु त्यांनी चढवलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा पडला आणि नंतरच्या जतनकारांना तो काढण्याचे कष्ट घ्यावे लागले. वारशाची निगा एकदा पैसे मोजून उरकता येत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या चालवावी लागते. रोमकडून घ्यायचा तो एवढाच धडा.

प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, अर्थकारणाचाही आहे. लेण्यांच्या प्रवेशशुल्काची रक्कम केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे जाते. शहराच्या हाती पडतो तो पाहुण्याने मुक्कामावर, जेवणावर आणि खरेदीवर केलेला खर्च. तोच रुपया पुढे रिक्षावाला, भटियारा, विणकर आणि किराणा दुकानदार यांच्या हातांतून फिरतो. रोमने तर २०११ पासून मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीवर पाहुण्याकडून कर घेण्यास सुरुवात केली. ज्या गावात पाहुणा थांबतच नाही, तेथे कर कसला आणि रोजगार तरी कसला?

थांबण्याजोगे येथे काही नाही, असेही नाही. सुती ताण्यावर रेशमी बाण्याची नक्षी उमटवणारे हिमरू हे या शहराचे खास कापड. परंतु त्याचे हातमाग मोजकेच उरले आहेत, आणि यंत्रमागावरची नक्कल त्याच नावाने खपते. नान-कलिया हा पदार्थ तुघलकाच्या लष्कराबरोबर आला असे सांगतात. पण पाहुणा हॉटेलात बसून कोणत्याही शहरात मिळणारे पनीर खातो. गुलमंडीवरची इमरती आणि हिवाळ्यातला ज्वारीचा हुरडा यांची त्याला वार्ताही नसते.

यावर उपाय फार खर्चिक नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. त्या दिवशी अडकलेल्या पाहुण्याला शहरच का दाखवू नये? भडकल दरवाजा, पाणचक्की, हिमरूचा माग आणि शेवटी गुलमंडी, असा एक दिवसाचा मार्ग सहज आखता येईल. त्यासाठी स्वच्छ रस्ता, वाचता येतील असे फलक, नहरींवरील अतिक्रमणाला आळा आणि अस्सल हिमरूची खात्रीची खूण एवढे पुरे. वाटाड्याचे काम महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी करू शकतील. मराठवाड्यातील पदवीधराला नोकरीसाठी पुण्याची वाट धरावी लागते. त्यांतील काहींना तरी घरच्या घरी काम मिळेल. काही दरवाज्यांची डागडुजी अलीकडे झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण केवळ दरवाजे दुरुस्त करून पाहुणा आत येत नाही. दरवाज्याआत काय आहे, हे त्याला सांगणारे कोणी हवे.

आणि ते सांगायचे कोणी? रजेतील प्रवास-सवलत घेऊन दिल्ली-आग्रा करून येणाऱ्या येथील शिक्षकांनी आणि कारकुनांनी आपल्या मुलांना मलिक अंबरची नहर कधी दाखवली आहे काय? ज्या शहराला त्याचे रहिवासीच मुक्काम समजतात, त्याला पाहुण्याने राजधानी मानावे तरी का?