मेंदूचा ताळेबंद

मनुष्याच्या मेंदूचे वजन साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनात हा वाटा जेमतेम २ टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू घेतो. इतका खर्चिक अवयव निसर्गाने का सांभाळला, याचे उत्तर त्याच्या इतिहासात सापडते.

पाठीचा कणा असलेले प्राणी पृथ्वीवर अवतरले त्याला सुमारे ५० कोटी वर्षे झाली. मासा, बेडूक, सरडा, पक्षी अथवा मनुष्य, यांपैकी कोणाचाही गर्भ पाहिला, तर मेंदूचा आरंभ एका साध्या नळीपासून होतो. तिच्या पुढच्या टोकाला तीन फुगवटे येतात. त्यांतूनच अग्रमेंदू, मध्यमेंदू आणि पश्चमेंदू घडतात. श्वास व हृदयाचे ठोके यांचे नियमन मागचा भाग करतो; दृष्टी व श्रवण यांच्या संदेशांची दखल मधला भाग घेतो; स्मरण आणि निर्णय यांची मोठी जबाबदारी पुढच्या भागाकडे असते.

मूळ आराखडा एकच असला, तरी प्रत्येक प्राण्याने आपली पुंजी गरजेनुसार गुंतविली. वासावर भक्ष्य शोधणाऱ्या शार्क माशात गंधाचे केंद्र मोठे झाले. हवेत तोल सावरणाऱ्या पक्ष्यांत हालचालींचा मेळ घालणारा लहान मेंदू चांगला विकसित झाला.

मग मोठा मेंदू म्हणजे मोठी बुद्धी, असे मानावे काय? हत्तीचा मेंदू मनुष्याच्या मेंदूच्या सुमारे तिप्पट वजनाचा असतो. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५,७०० कोटी मज्जापेशी मोजल्या गेल्या. मनुष्यात त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. मात्र हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के पेशी लहान मेंदूत आहेत. विचाराशी निगडित अशा मोठ्या मेंदूच्या बाह्यपटलात हत्तीकडे सुमारे ५६० कोटी, तर मनुष्याकडे सुमारे १,६०० कोटी पेशी आहेत. एकूण भांडवलापेक्षा ते कोणत्या खात्यात आहे, हे पाहिल्यावाचून ताळेबंद कळत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांचाही हिशेब दीर्घकाळ चुकला. लुडविग एडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाच्या मतप्रभावामुळे पक्ष्यांचा अग्रमेंदू केवळ उपजत प्रेरणांचे घर मानला गेला आणि त्यातील भागांना तशीच नावे पडली. अखेर २००४ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती नावे बदलली. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत रॅव्हन या मोठ्या कावळ्याच्या सुमारे १४ ग्रॅमच्या मेंदूत २०० कोटींहून अधिक मज्जापेशी आढळल्या. त्या इतक्या दाटीने वसलेल्या असतात, की लहानशा डोक्यातही मोठा संचय मावतो. आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा पोपट रंग व आकार ओळखून शब्दांत सांगत असे आणि सहापर्यंतच्या वस्तूंची संख्याही सांगत असे.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते राहू नये. ज्याला क्षुद्र म्हणून दुर्लक्षिले, त्याच्या डोक्यातही स्मरण आणि निवड यांचे व्यवहार चालू असतात. पिंजऱ्यातील पोपट विकत घेताना किंवा खिडकीतील कावळ्यावर दगड उगारताना हा ताळेबंद आठवला, तर हात आपोआप थबकेल.